आधी पाणी, मग घर : वाढत्या वसई-विरारच्या गृहनिर्माणाचा विचार

वसई तालुक्यात नवी इमारत उभी राहू लागली की तिच्या जाहिरातीत सदनिकेचे क्षेत्रफळ, रेल्वे स्थानकापासूनचे अंतर आणि किंमत ठळक अक्षरांत दिलेली असते. त्या इमारतीला रोज किती पाणी लागेल, ते कोठून येईल, वापरून झालेले पाणी कोठे जाईल आणि पावसाचे पाणी पूर्वी ज्या जागेवर साचत होते त्या जागेचे काय झाले, या चार प्रश्नांची उत्तरे मात्र जाहिरातीत नसतात. शहरातील घर दोन पिढ्यांना आसरा देईल की पंधरा वर्षांतच डोकेदुखी होऊन बसेल, हे बव्हंशी याच चार प्रश्नांवर ठरते.

‘शाश्वत गृहनिर्माण’ हा शब्दप्रयोग अलीकडे वारंवार कानी पडतो. छतावर सौर पट्ट्या बसवल्या, अंगणात चार झाडे लावली की इमारत शाश्वत झाली, असा अनेकांचा समज असतो. या गोष्टी चांगल्याच आहेत. पण त्या शेवटच्या पायरीवरच्या आहेत. पहिली पायरी जमिनीची आणि पाण्याची. या लेखात आम्ही आपल्याच वसई-विरार परिसराचे उदाहरण घेऊन हा विषय समजावून घेण्याचा प्रयत्न करणार आहोत.

आपल्या भूमीची घडण

वसईची भौगोलिक रचना ध्यानात घेतल्याशिवाय येथील घरांचा प्रश्न उलगडत नाही. उत्तरेस वैतरणा, दक्षिणेस वसईची खाडी, पश्चिमेस अरबी समुद्र आणि पूर्वेस तुंगारेश्वरचे डोंगर, अशा चौकटीत हा प्रदेश वसलेला आहे. डोंगरावर पडलेला पाऊस पश्चिमेकडे आणि खाड्यांकडे धाव घेतो. मध्ये आडवा येतो तो उत्तर-दक्षिण जाणारा लोहमार्ग. त्याखालच्या मोऱ्यांतून वाट काढीत हे पाणी सखल शेतांत, मिठागरांत आणि तिवरांच्या पट्ट्यांत पसरत असे. भरतीच्या वेळी खाडीचे पाणी वर चढते, तेव्हा पावसाच्या पाण्याला काही तास थांबावेच लागते. त्याला थांबायला जागा होती, म्हणून गावे बुडत नव्हती.

पश्चिम पट्ट्यातील आपल्या पूर्वजांनी हे तंत्र पूर्णपणे जाणले होते. वाड्यांमधून खोदलेली बावखले पावसाळ्यात भरत, जमिनीत गोड पाणी मुरवीत आणि केळी, पानवेली व फुलझाडे यांना वर्षभर ओलावा देत. समुद्र इतका जवळ असूनही विहिरींना गोडे पाणी लागे, त्याचे श्रेय या मुरणाऱ्या पाण्याला होते. वरून गोड्या पाण्याचा दाब असेपर्यंत खालचे खारे पाणी आत सरकत नाही. उपसा वाढला आणि मुरणे थांबले की खारे पाणी विहिरीत शिरते, आणि एकदा खारट झालेली विहीर पुन्हा गोड व्हायला फार काळ जातो.

याच जाणिवेतून १९८८ साली हरित वसई संरक्षण समितीची चळवळ उभी राहिली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या त्या लढ्याने वसईची शेतजमीन बांधकामासाठी सरसकट खुली करण्यास आणि गावातील विहिरींचे पाणी टँकरने उपसून नेण्यास विरोध केला. फादर दिब्रिटो २०२४ साली आपल्यातून गेले. त्यांच्या चळवळीकडे अनेकांनी ‘विकासाला विरोध’ म्हणून पाहिले. आज मागे वळून पाहताना दिसते की त्या चळवळीचा मूळ प्रश्न नियोजनाचाच होता : येणाऱ्या माणसांना पाणी कोठून देणार?

शहर कसे वाढले

१९९० साली सिडकोकडे या भागाच्या नियोजनाचे काम सोपवण्यात आले. २००१ ते २०२१ या काळासाठीच्या विकास आराखड्याला मंजुरी मिळाली ती २००७ साली. म्हणजे वीस वर्षांच्या आराखड्यातील सहा वर्षे तो मंजूर होण्यातच गेली. इमारती मात्र मंजुरीची वाट पाहत थांबल्या नाहीत.

२००१ च्या जनगणनेत वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपालिकांची लोकसंख्या एकत्रितपणे पाच लाखांच्या आत होती. २००९ साली या चार नगरपालिका व आसपासची गावे मिळून महानगरपालिका स्थापन झाली आणि २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या १२ लाख २२ हजारांवर पोहोचली. या वाढीचा काही भाग गावे समाविष्ट झाल्यामुळे दिसतो, हे खरे. पण मुख्य कारण मुंबईतील घरांच्या किमती हेच आहे. मुंबईत राबणाऱ्या, पण मुंबईत घर न परवडणाऱ्या माणसाला पश्चिम रेल्वेने येथे आणले. त्यात परप्रांतीय होते, तसे गिरणगावातून आणि कोकणातून आलेले मराठी बांधवही होते. त्यांचे येणे हा त्यांचा दोष नाही. ते येणार हे ठाऊक असूनही त्यांच्यासाठी पुरेशी कायदेशीर घरे, जलवाहिन्या व गटारे वेळेवर उभारली गेली नाहीत, हा नियोजनाचा दोष आहे.

एका इमारतीचा हिशोब

हा प्रश्न आकड्यांत मांडला तर अधिक स्पष्ट होतो. शहरी पाणीपुरवठ्यासाठी आपल्याकडे माणशी दररोज १३५ लिटर हे प्रमाण धरले जाते. चाळीस सदनिकांची एक इमारत घेऊ आणि प्रत्येक घरात चार माणसे धरू. १६० माणसांना दररोज २१ हजार ६०० लिटर पाणी लागेल. दहा हजार लिटरचा एक टँकर धरला, तर नळ नसलेल्या अशा एका इमारतीसाठी रोज दोन टँकरही पुरे पडत नाहीत. अशा शंभर इमारती झाल्या की रोज दोनशेहून अधिक टँकर रस्त्यावर येतात, आणि ते कोणाच्या तरी विहिरीतूनच भरून येतात.

वापरलेल्या पाण्यापैकी सुमारे ८० टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडते. म्हणजे त्या एकाच इमारतीतून रोज सुमारे १७ हजार लिटर मैलापाणी निघते. मलवाहिनी व प्रक्रिया केंद्र नसेल तर ते नाल्यात जाते, नाल्यातून खाडीत जाते आणि वाटेत विहिरींत झिरपते.

तिसरा हिशोब पावसाचा. एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस वसईला नवा नाही. एवढ्या पावसात एक एकर जमिनीवर सुमारे चार लाख लिटर पाणी पडते. जमीन मोकळी असेल तर त्यातील बराच भाग मुरतो किंवा तेथेच थांबतो. काँक्रीट असेल तर जवळजवळ सगळे पाणी तत्काळ वाहू लागते. आता त्याच एका एकराच्या सखल शेतात एक मीटर उंचीचा मातीचा भराव टाकला असे समजू. पूर्वी त्या खोलगटात सुमारे ४० लाख लिटर पाणी थांबू शकत होते. ते पाणी नाहीसे होत नाही. भराव टाकणाऱ्याचे जोते उंच होते आणि पाणी शेजारच्या जुन्या चाळीत, गावठाणात किंवा रेल्वेच्या रुळांवर जाते. एकाचे घर कोरडे राहावे म्हणून दुसऱ्याचे घर बुडते, याचा साधा अर्थ हाच.

जुलै २०१८ मध्ये आपण हे प्रत्यक्ष अनुभवले. विरार-नालासोपारा मार्गावरील रेल्वे वाहतूक ठप्प झाली, अनेक वस्त्यांत दिवसेंदिवस वीज नव्हती आणि वसईच्या मिठागर वस्तीत शेकडो रहिवासी पाण्याने वेढले गेले. त्यानंतर पुराच्या कारणांचा अभ्यास करण्याचे काम नीरी आणि मुंबईची आयआयटी या संस्थांकडे देण्यात आले. पावसाचे पाणी तात्पुरते साठवणारे धारण तलाव हा त्यातून पुढे आलेला एक प्रमुख उपाय. नीट पाहिले तर धारण तलाव म्हणजे आपल्या बावखलाचे आणि सखल शेताचेच मोठे रूप आहे. जे फुकट होते ते बुजवून आता पैसे खर्चून पुन्हा खोदण्याची वेळ आली आहे.

पाणी कोणाचे?

वसई-विरारला उसगाव, पेल्हार आणि सूर्या प्रकल्प यांतून पाणी मिळते. सूर्या प्रादेशिक योजनेतून वसई-विरारसाठी दररोज १८ कोटी ५० लाख लिटर पाण्याची तरतूद करण्यात आली आणि २०२३ च्या अखेरीस हे पाणी शहराला मिळू लागले. अनेक वर्षे टँकरवर जगलेल्या वसाहतींना त्यामुळे दिलासा मिळाला. २०११ ची लोकसंख्या धरली तरी शहराला दररोज साडेसोळा कोटी लिटर पाणी लागत होते. लोकसंख्या दुप्पट झाली की गरज तेहतीस कोटींवर जाते, आणि गळतीचा हिशोब त्यात अजून धरलेलाच नाही. यावरून ध्यानात येईल की कोणतीही नवी योजना ही कायमची सोय नसते.

शिवाय या पाण्याला दुसरी बाजू आहे. सूर्या प्रकल्प मुळात पालघर परिसरातील शेतीच्या सिंचनासाठी उभारला गेला आणि ते पाणी शहरांकडे वळवण्यास तेथील आदिवासी शेतकऱ्यांनी विरोध केला. आपल्या नळाला येणारा प्रत्येक थेंब कोणाच्या तरी शेताच्या वाट्याचा असू शकतो, याची जाणीव ठेवणे हाही शाश्वततेचाच भाग आहे. म्हणून नव्या इमारतींत पावसाचे पाणी जमिनीत मुरवणे, प्रक्रिया केलेले सांडपाणी शौचालयांसाठी व बागांसाठी वापरणे आणि गळती थांबवणे या गोष्टी न्यायाच्या दृष्टीने पाहिल्या पाहिजेत.

स्वस्त घराची खरी किंमत

नियोजन हुकले की त्याची सर्वांत मोठी झळ गरिबाला बसते. नालासोपारा पूर्व येथे विकास आराखड्यात सांडपाणी प्रक्रिया केंद्र व कचराभूमी यांसाठी राखून ठेवलेल्या जागेवर ४१ अनधिकृत इमारती उभ्या राहिल्या होत्या. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार नोव्हेंबर २०२४ ते फेब्रुवारी २०२५ या काळात त्या पाडण्यात आल्या आणि दोन हजारांहून अधिक कुटुंबे बेघर झाली. या घटनेत शहराने दोन गोष्टी गमावल्या. सांडपाण्याचा प्रश्न सोडवणारी जागा अनेक वर्षे हातची गेली, आणि आयुष्याची कमाई घालून घर घेणारी माणसे रस्त्यावर आली.

त्याहून भीषण घटना २६ ऑगस्ट २०२५ च्या मध्यरात्री विरार पूर्वेला घडली. रमाबाई अपार्टमेंट या चार मजली इमारतीचा भाग कोसळून १७ जणांचा मृत्यू झाला. अवघ्या तेरा वर्षांपूर्वी बांधलेली ही इमारत अनधिकृत असल्याचे महापालिकेने सांगितले. परवानगीच नसते तेव्हा पायाची तपासणी होत नाही, सिमेंट व लोखंडाचे प्रमाण कोणी पाहत नाही आणि इमारत धोकादायक ठरली तरी तिच्या पुनर्बांधणीचा मार्ग कायद्याने सहज खुला होत नाही. तेरा वर्षांत कोसळणारे घर हे स्वस्त घर नव्हेच.

लोक अशी घरे का घेतात? कारण त्यांना परवडेल असे कायदेशीर घर मिळत नाही आणि भाड्याच्या घराची खात्री नसते. म्हणून अनधिकृत बांधकामे केवळ पाडून हा प्रश्न सुटत नाही. लहान, अधिकृत व परवडणारी घरे पुरेशा संख्येने बांधणे हाच त्यावरील टिकाऊ उपाय आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या ‘लाउदातो सी’ या विश्वपत्रात शहरातील घरांचा प्रश्न पर्यावरणाच्या चर्चेतच मांडला आहे. वस्त्या हलवाव्या लागल्या तर रहिवाशांना आगाऊ माहिती द्यावी, योग्य पर्याय द्यावेत आणि त्या निर्णयात त्यांना सहभागी करून घ्यावे, असा आग्रह त्यात आहे. नालासोपाऱ्याच्या त्या कुटुंबांचा विचार करताना हा आग्रह किती व्यवहार्य आहे, हे पटते.

इतरांनी काय केले?

असे नियोजन केवळ कागदावर शक्य असते, असे नाही. पहिल्या महायुद्धानंतर ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना घरांच्या भीषण टंचाईत सापडली होती. १९२३ साली तेथील नगरपालिकेने गृहनिर्माणासाठी खास कर बसवला. मोठ्या व आलिशान घरांवर तो अधिक होता. १९३४ पर्यंत साठ हजारांहून अधिक सदनिका बांधून त्या माफक भाड्याने कामगारांना देण्यात आल्या. १९३० साली पूर्ण झालेल्या ‘कार्ल मार्क्स होफ’ या वसाहतीत घरांसोबतच धुलाईगृहे, स्नानगृहे, बालवाडी आणि ग्रंथालय यांचीही योजना होती व मधली मोठी जागा मोकळी सोडली होती. सोयी आधी आखायच्या आणि घरे त्यांच्याभोवती बांधायची, हे सूत्र तेथे पाळले गेले. व्हिएन्नाची महापालिका आजही दोन लाखांहून अधिक घरांची मालक आहे.

दुसरे उदाहरण आपल्या राज्यातले. पुण्याजवळ हडपसर येथे मगरपट्ट्यातील सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी शहर आपल्या बांधापर्यंत आल्यावर जमिनी सुट्या सुट्या विकल्या नाहीत. चारशेहून अधिक एकर जमीन एकत्र करून त्यांनी कंपनी स्थापन केली, जमिनीच्या प्रमाणात भागभांडवल घेतले आणि २००० सालापासून तेथे नियोजनबद्ध नगर उभारले. रस्ते, पाणी, उद्याने, शाळा आणि रोजगाराची कार्यालये यांचा विचार एकत्र झाला. तेथील घरे गरिबांना परवडणारी नाहीत, ही त्या प्रयोगाची मर्यादा आहे. तरीही जमीनमालक एकत्र आले तर नियोजनात त्यांचा शब्द चालतो, हे त्यातून शिकण्यासारखे आहे. आपल्याकडे पाच-दहा गुंठ्यांचे तुकडे वेगवेगळ्या विकासकांना विकले जातात. मग रस्ता कोणी सोडायचा आणि नाला कोणी राखायचा, याचे उत्तर कोणाकडेच उरत नाही.

योग्य क्रम कोणता?

वाढत्या शहराचे नियोजन करताना आमच्या मते पुढील क्रम राखला पाहिजे. प्रथम पाण्याच्या वाटा आखाव्यात : नाले, बावखले, तलाव, मिठागरे व तिवरे नकाशावर दाखवून ती बांधकामातून कायमची वगळावीत. त्यानंतर जलवाहिनी, मलवाहिनी व कचरा यांची व्यवस्था जेथे पोहोचू शकते, तो भाग ठरवावा. घरे त्याच भागात, शक्यतो रेल्वे स्थानकापासून चालत जाता येईल अशा अंतरावर बांधावीत. तेथे उंच इमारती झाल्या तरी चालतील. वाडीत विखुरलेल्या दहा लहान इमारतींपेक्षा स्थानकाजवळची एक मोठी इमारत जमीन व पाणी दोन्ही वाचवते. या घरांपैकी ठरावीक वाटा अल्प उत्पन्न गटासाठी व भाड्यासाठी राखून ठेवावा. शेवटी, जुन्या व धोकादायक इमारतींची पुनर्बांधणी करताना तेथील रहिवाशांना त्याच परिसरात घर मिळेल अशी हमी द्यावी.

आपल्या हाती काय आहे?

हे सर्व शासनाचे काम आहे, असे म्हणून आपली सुटका होत नाही. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाल्यावर ठरावीक मुदतीत नागरिकांना सूचना व हरकती नोंदवता येतात. ही मुदत बहुधा नकळत निघून जाते. प्रत्येक गावाने व धर्मग्रामाने आपल्या हद्दीतील बावखले, विहिरी, नाले व गावठाण यांची यादी आधीच तयार ठेवावी, म्हणजे हरकत भावनेवर न राहता पुराव्यावर उभी राहील. ज्येष्ठांच्या स्मरणात असलेल्या पाण्याच्या वाटा लिहून घेण्याची वेळ आजच आहे.

घर घेणाऱ्या तरुण कुटुंबांनी जमिनीचा सातबारा, बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र, भोगवटा प्रमाणपत्र आणि महारेराचा नोंदणी क्रमांक पाहावाच. पण कागद पाहून थांबू नये. कल्याण-डोंबिवलीत बनावट परवानग्यांच्या आधारे ६५ इमारती उभ्या राहिल्याचे उघड झाले आणि त्या पाडण्याचा आदेश उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला. त्यातील इमारतींनी महारेराचे क्रमांकही मिळवले होते. म्हणून दाखवलेली परवानगी खरी आहे की नाही याची महापालिकेच्या नगररचना विभागात जाऊन खातरजमा करावी, तो भूखंड आराखड्यात कशासाठी राखीव आहे ते विचारावे आणि नळजोडणी मंजूर आहे का, हेही पाहावे.

ज्या सोसायट्यांत आपण राहतो तेथे पावसाचे पाणी मुरवण्याची व्यवस्था चालू आहे का, हे पावसाळ्यापूर्वी तपासावे. अनेक ठिकाणी ती परवानगीपुरती बांधली गेली आणि नंतर गाळाने भरून गेली. आणि ज्यांच्याकडे अजून वाडी शिल्लक आहे, त्यांनी ती विकण्याचा निर्णय घेतलाच तर निदान बावखल व नाला बुजणार नाही अशी अट करारात लिहून घ्यावी. जमीन एकाची असते. तिच्यावरून वाहणारे पाणी मात्र शेजाऱ्याचेही असते.

नव्याने आलेला रहिवासी आणि जुना वाडीवाला हे एकमेकांचे प्रतिस्पर्धी आहेत, असे चित्र अनेकदा रंगवले जाते. वास्तवात दोघांची विहीर एकच आहे. ती खारट झाली तर वाडी सुकेल आणि सदनिकेतला नळही कोरडा पडेल. त्यामुळे नव्या इमारतीची चर्चा आपल्या गावात, सोसायटीत किंवा कुटुंबात निघेल, तेव्हा किमतीच्या आधी पाण्याचा प्रश्न विचारण्याची सवय आपण लावून घेऊ या.